अनोंग मरत नाही तो खेळ

११ नोव्हेंबर २५४७. बान फोन गावच्या मठात कठिन, म्हणजे पावसाळ्यानंतर भिक्खूंना चीवर देण्याचा, उत्सव होता, आणि त्या संध्याकाळी एक हेरपट दाखवण्याचे सहा हजार पाचशे बाट आमच्या कंपनीने आगाऊ घेतले होते. आमचा सन बुद्धाच्या निर्वाणापासून चालतो, म्हणून आकडा मोठा दिसतो.

कंपनी म्हणजे उघड्या मैदानात पडदा लावून सिनेमे दाखवणारी. एकेकाळी आमचे चार ट्रक कालासिन प्रांतभर फिरत. आता एक उरला होता. मी तिथला हिशेबनीस. उरलेली रक्कम वसूल करायची असली की ट्रकबरोबर जायचो आणि खेळ संपेपर्यंत यंत्रामागे चटईवर बसून राहायचो. माझ्या पुढे, छोट्या टेबलाशी, दोन माईक घेऊन लुंग बुनलुआ आणि त्यांची बायको पा केसॉन बसलेली असत. लुंग म्हणजे काका, पा म्हणजे मावशी. माझ्याच काय, सगळ्या बाजाराच्या ते काका-मावशी होते.

परदेशी सिनेमाच्या रिळावरचा इंग्रजी आवाज बंद करायचा आणि पडद्यावरची तोंडं हलतील तसं आपल्या भाषेत बोलत जायचं, हे त्यांचं काम. सगळे पुरुष लुंगचे, सगळ्या बायका आणि पोरं पा केसॉनची. घोडा लुंगचा, कुत्रा तिचा. तरुणपणी दोघांना कंपनीने एकत्र नेमलं तेव्हा मुक्कामाला दोघांत मिळून एकच मच्छरदाणी द्यायचे. "म्हणून लग्न करावं लागलं," असं पा सांगायची. "डासांनी जुळवलेलं लग्न आहे आमचं."

दोघांची खासियत जुने हेरपट. तोच गोरा हेर, तीच गाडी, तोच बेटावर राहणारा दुष्ट शेठ. हेराचं नाव इंग्रजीत काहीही असो, लुंगनी त्याचं नाव फेट ठेवलं होतं आणि आमच्या भागातली तीन पिढ्यांची माणसं त्याला फेटच म्हणत. हे सिनेमे लोकांना पाठ होते. पाठ असल्यामुळेच त्यांत काय बदलायला हवं याबद्दल प्रत्येकाचं मत होतं.

सगळ्यांत ठाम मत हवालदार सुथिन यांचं. ते पोलिसातून निवृत्त होऊन रोज सकाळी आमच्या कचेरीशेजारच्या कॉफीच्या दुकानात बसत. लुंग तिथे आले की सुरुवात व्हायची.

"काय हो लुंग, हा तुमचा फेट बूट घालून लोकांच्या घरात शिरतो. पलंगावरसुद्धा बूट! आईनं काही शिकवलं नाही का याला?"

"आई आहे की नाही, तेच सिनेमात नाही."

"मग तुम्ही घाला की! एक फोन येऊ दे म्हातारीचा. 'बाळा, जेवलास का?' एवढं विचारलं तर काय आभाळ कोसळतं? जगभर हिंडतो बिचारा, त्याला कोणी जेवलास का विचारत नाही."

"घालतो," लुंग कॉफी ढवळत म्हणायचे.

"आणि तो शेठ! हेर हातात सापडलाय, खुर्चीला बांधलाय, आणि हा समोर बसून त्याला अख्खा बेत समजावून सांगतो. अहो, मी उभा जन्म पोलिसात काढला. चोरानं मला आपण होऊन स्वतःचं नावसुद्धा कधी खरं सांगितलं नाही."

दुकानासमोर सुकवलेलं माकूळ भाजणारी नोय आपल्या गाड्यावरून ओरडायची, "ते जाऊ दे हवालदार! आपल्यासारख्या तोंडाचा माणूस पडद्यावर आला की समजायचं, भात शिजायच्या आत हा मेला. एक वाक्य नाही बोलत. येतो आणि पडतो!"

लुंगना ते पटलं. त्यानंतरच्या प्रत्येक खेळात, फेटच्या गोळीने कठड्यावरून खाली पडणारा तो बारक्या डोळ्यांचा पहारेकरी पडता पडता म्हणायचा, "आईला सांगा, म्हैस विकू नको!" मैदान हसून लोळायचं. काही बायका डोळेही पुसायच्या. फेटच्या आईचा फोनही आला. दुष्ट शेठ बेत सांगायच्या आधी म्हणू लागला, "हे मी कोणाला सांगत नाही, पण बायको ऐकत नाही, म्हणून तुला सांगतो."

एका बाबतीत मात्र लुंग हटत नसत. बर्फाळ डोंगरातल्या किल्ल्याचा एक सिनेमा होता, सगळ्यांत जास्त मागणी त्याला. त्यात फेटला मदत करणारी एक मुलगी असते. पा केसॉनने तिचं नाव अनोंग ठेवलं होतं. सिनेमाच्या बरोबर मध्यावर किल्ल्याच्या जिन्यावर तिला गोळी लागते. पुढच्याच रिळात फेट दुसऱ्या बाईबरोबर पोहत असतो.

"तिला का मारता?" हवालदार दरवेळी विचारत. "चांगली पोर. फेटला दार उघडून देते, आणि तिलाच गोळी! बरं मेली तर मेली, तिला मठात कोणी नेलं? भिक्खू बोलावले? जाळलं तरी का कोणी? तशीच जिन्यावर टाकून हा गेला पोहायला. तिचा आत्मा फिरत नसेल त्या किल्ल्यात?"

"हवालदार, मी आवाज देतो. प्राण देत नाही," लुंग म्हणत. "चित्रात जो मेला तो मेला. त्यात मी हात घातला तर उद्या माझ्या कुठल्याच शब्दावर लोक विश्वास ठेवणार नाहीत."

पा केसॉनला आजार लागला तो बान फोनच्या खेळाच्या साधारण आदल्या वर्षी. आधी भाजीत दोनदा फिश सॉस पडू लागला. मग घरची वाट विसरली. लुंग तिला प्रांताच्या इस्पितळात घेऊन गेले, मीही बरोबर होतो. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. तिने सांगितलं की मेंदू हळूहळू वाळत चालला आहे, गोळ्यांनी वेग कमी होईल, मागे वळणार नाही. लुंगनी बाहेर येऊन मला एवढंच विचारलं, "म्हणजे मी कोणाशी बोलायचं?"

पण माईकसमोर ती शाबूत होती. पडदा उजळला की तिची पाठ ताठ व्हायची. घरी शेजारणीचं नाव आठवत नसे, पण पन्नास सिनेमांतल्या बायका, त्यांचं हसणं, त्यांचं कुजबुजणं, एक अक्षर चुकत नसे. लुंगना समजलं होतं की केसॉन आता एवढ्याच जागी शिल्लक आहे. म्हणून ते एकही खेळ सोडत नसत. ताप असला तरी तिला घेऊन यायचे.

आमचे मालक सिया हेंग यांच्याकडे त्या सगळ्या सिनेमांची ध्वनिमुद्रित रिळं होती. बाकीच्या कंपन्या तीच वापरत. त्यांनी लुंगना स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "तुमचा मान राखतो मी. पण भर मैदानात ती अडखळली, लोक हसले, की दुसऱ्या दिवसापासून मुद्रित आवाज लावणार. मग मला दोष देऊ नका."

तर बान फोनच्या मठातली ती संध्याकाळ. चटयांवर गाव बसलेलं, हवालदार सुथिन पहिल्या रांगेत, नोयच्या गाड्यावर माकूळ भाजण्याचा वास. बर्फातला सिनेमा चालू होता. जिना आला. गोळी सुटली. अनोंग कोसळली. इथे पा केसॉन एक लांब उसासा टाकायची आणि माईक खाली ठेवायची. वर्षानुवर्षं तसंच.

त्या दिवशी तिने माईक खाली ठेवला नाही. पडद्यावर फेट जिन्यावरून पळत होता आणि मैदानभर अनोंगचा आवाज आला, "फेट, थांब ना. जेवलास का तू?"

लुंगनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी शांत होता, उत्तराची वाट बघणारा. सिया हेंग ट्रकच्या पायरीवर बसले होते, ते उभे राहिले. मला वाटलं, संपलं.

लुंगनी माईक तोंडाशी नेला. फेटच्या आवाजात म्हणाले, "नाही गं अजून. या लोकांनी जेवू कुठे दिलं?"

"मग चल, घरी चिकट भात आहे," अनोंग म्हणाली. "आणि बूट बाहेर काढ."

सगळं मैदान एकदम उसळलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पडद्यावर अनोंगचं प्रेत जिन्यावर पडून होतं आणि कोणी तिकडे बघत नव्हतं. पुढचा सगळा सिनेमा लुंगनी तिला सांभाळून नेला. फेटने फोन उचलला की पलीकडे अनोंग. गाडीत एकटा असला की मागच्या बाजूला अनोंग. पोहण्याच्या दृश्यात ती काठावरून ओरडली, "आणि ही कोण?" तेव्हा तर भिक्खूंनीही चिवराने तोंड झाकलं.

खेळ संपल्यावर हवालदार सुथिन यंत्रापाशी आले. त्यांचे डोळे भरले होते. "लुंग, किती वर्षं मागतोय मी! शेवटी दिलीत जिवंत करून."

लुंग केसॉनच्या पायात चपला घालत होते.

दुसऱ्या आठवड्यापासून कचेरीत माणसं येऊ लागली. ज्यात अनोंग मरत नाही तो खेळ आम्हाला पाहिजे. घराच्या वास्तूला, मुलाच्या दीक्षेला, भाताच्या कापणीनंतर. सिया हेंग यांनी दर वाढवला. मुद्रित आवाजाची भाषा बंद झाली. ज्या चुकीची लुंगना भीती होती, तीच आता कंपनी विकत होती.

काही दिवस लुंग खूष दिसत. मग तसे दिसेनासे झाले. एकदा सकाळी ते कचेरीत येऊन माझ्या समोर बसले.

"हिशेबनीस, काल सकाळी ती मला म्हणाली, 'फेट, आज किल्ल्यावर जायचंय का?'"

"माईकशिवाय?"

"चुलीपाशी. मी म्हटलं, केसॉन, मी बुनलुआ. तर ती हसली. म्हणाली, कोण बुनलुआ? तू नावं बदलत असतोस, ठाऊक आहे मला." त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "माझ्या घरात अनोंग राहते. माझ्या हातचं खाते, मला बूट काढायला सांगते. मी बूट घालत नाही हो, चपला घालतो! लग्न आठवत नाही तिला, मच्छरदाणी आठवत नाही. गेलेली मुलगी आठवत नाही आमची. फक्त तो जिना उतरून पुढचं आठवतं. आणि ते तर सिनेमात नाहीच. ते मीच बोललोय."

मी त्यांना कॉफी मागवली. दुसरं काय करणार? हवालदार शेजारच्याच बाकावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता तर खेळ थांबवता येणार नाही," ते हळूच म्हणाले.

"थांबवला तर ती घरी बसून वाळेल. चालू ठेवला तर ती अनोंग होत जाईल. दोन्हीकडून मीच करतोय." मग लुंग हवालदारांकडे वळले. "तुम्ही म्हणत होता ना, तिला कोणी मठात नेलं नाही, जाळलं नाही, म्हणून तिचा आत्मा फिरतो."

"अहो, ते मी आपलं गमतीत…"

"गंमत नव्हती ती. बरोबर होतं तुमचं. अनोंगला रीतसर निरोप द्यायला हवा. ती गेली, की केसॉनला परत यायला जागा होईल."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी लुंगकडे पाहिलं. आजारी मेंदू असा रिकामा होऊन भरतो का, हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. पण आमच्याकडे आत्म्याला निरोप देतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं होतं.

भर मैदानात, लोकांसमोर, अनोंगला मारणं शक्य नव्हतं. लोकांनी लुंगना जिवंत सोडलं नसतं. संधी एप्रिलमध्ये आली. सैन्यभरतीच्या सोडतीत भातगिरणीवाल्या बाईंच्या मुलाने काळी चिठ्ठी काढली. काळी म्हणजे सुटला. बाईंनी गावाच्या राईतल्या पू-ताला, म्हणजे गावच्या पूर्वज आजोबांना, सिनेमाचा नवस बोलला होता. तो फेडायचा होता. नवसाचा सिनेमा आजोबांसाठी असतो, त्याला माणसं लागत नाहीत. दोन नियम मात्र आहेत. एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत चालवायचा, आणि आवाज द्यायचा, कारण आजोबांना परकी भाषा येत नाही.

दिवस मावळल्याबरोबर बाईंनी उदबत्त्या लावल्या, उकडलेली कोंबडी आणि तांदळाची दारू ठेवली, मुलाला नमस्कार करायला लावला आणि घरी निघून गेल्या. राईत पडदा, देवस्थानाची छोटी लाकडी खोली, यंत्र चालवणारा, मी, आणि ते दोघं. हवालदारही आले होते. ते लांब ट्रकजवळ उभे राहिले.

जिना आला. अनोंग पडली. पा केसॉनने नेहमीसारखा माईक वर घेतला.

"फेट, थांब ना. जेवलास का तू?"

"जेवलो, अनोंग," लुंग म्हणाले. आवाज फेटचा होता, पण त्यात फेटचा तोरा नव्हता. "तू आता इथे थांबू नकोस. तू गेलीस."

"कुठे गेले? ही काय मी."

"गोळी लागली तुला. जिन्यावर. मी तुला उचलून मठात नेलं. नऊ भिक्खू आले होते. गावातल्या सगळ्यांनी चंदनाची फुलं वाहिली. चिता मी पेटवली."

पडद्यावर बर्फ पडत होता.

"रडलास का तू?" तिने विचारलं.

"रडलो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि माईक खाली ठेवला.

लुंगनी तिचा हात धरला. ते तिच्याकडे इतक्या आशेने बघत होते की मी मान वळवली. पडद्यावर पोहणारी दुसरी बाई आली. "केसॉन," ते आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाले, "चल, तुझी पाळी. हिला आवाज दे."

ती पडद्याकडे बघत होती. ओठ हलले नाहीत. त्यांनी माईक तिच्या तोंडाशी धरला. ती माईककडेही तशीच बघत राहिली, दुसऱ्या कोणाची वस्तू असावी तशी.

"केसॉन, मी बुनलुआ. अगं, मच्छरदाणी… एकच मच्छरदाणी द्यायचे आपल्याला, आठवतं?"

तिने मान पडद्याकडे वळवली.

सिनेमा चालू होता. थांबवता येत नव्हता. शेवटी लुंगनी माईक स्वतःकडे घेतला, गळा आवळून बारीक आवाज काढला आणि त्या पोहणाऱ्या बाईचं वाक्य म्हटलं. मग फेटचं. मग पुन्हा तिचं. उरलेली सगळी रिळं त्यांनी एकट्याने बोलून काढली. बायकांचे आवाज ऐकताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही. पहारेकरी कठड्यावरून पडला तेव्हा तो म्हशीबद्दल काही बोलला नाही.

त्यानंतर पा केसॉन बोललेली नाही. जेवते, चालते, अंगणात बसते. डॉक्टरीण म्हणाली, हे कधीतरी होणारच होतं, तुम्ही काही केलं म्हणून झालं असं समजू नका. लुंगनी ते ऐकून घेतलं.

पावसाळ्याच्या तोंडावर हवालदार सुथिन माझ्याकडे आले. "हिशेबनीस, यंत्र एक दिवस द्या. भाडं मी भरतो. अनोंगला परत जिवंत करू." सिया हेंग यांनी भाडं घेतलं नाही. आम्ही लुंगच्या अंगणात चादर बांधली आणि फक्त जिन्याचं रीळ लावलं. अनोंग पडली. लुंग फेटच्या आवाजात म्हणाले, "अनोंग, ऊठ गं. मी जेवलो नाही अजून. खोटं बोललो तुला. तू मेली नाहीस." हवालदार वाकून तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने पडद्याकडे पाहिलं, मग लुंगकडे पाहिलं, आणि त्यांच्या ताटलीतला भात आपल्या हाताने मळून त्यांच्या हातात दिला. बोलली नाही. हवालदार म्हणाले, पुन्हा लावा. आम्ही पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लुंगनीच हात वर करून थांबवायला सांगितलं.

आता खेळाला मुद्रित आवाज असतो. त्यात अनोंग मरते. लोक पहिले काही दिवस ओरडले, मग ओरडायचे थांबले. लुंग कॉफीच्या दुकानात येत नाहीत. हवालदार येतात, पण सिनेमाबद्दल कोणी काही बोललं की उठून जातात.

आमच्याकडे आवाजाची मजुरी दर रिळामागे असते. राईतल्या खेळात पा केसॉन मध्यापर्यंत बोलली. लुंगनी स्वतःचे पैसे नेले. तिचे नेले नाहीत. तिची मजुरी तिनेच येऊन घ्यायची, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, तेव्हा माझ्या जागी येणाऱ्याला ही बाब सांगायची आहे. कंपनीकडून केसॉन यांना एकशे वीस बाट देणे आहे.